गणकयंत्राचे पहिले हुकूम



गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांतील एक कॉलेजांत जाणारा मुलगा रात्रीं दहाच्या सुमारास आमच्या दारांत येऊन उभा राहिला. चेहरा अगदीं उतरलेला. वर्षभर लहान मुलांच्या शिकवण्या करून त्यानें पैसे सांठविले होते, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग पारखून आणून आपल्या हातांनीं संगणक जोडला होता. पंखे फिरत होते, दिवे लागत होते, पडदा उजळत होता, परंतु ऑपरेटिंग सिस्टिम चढवावयास बसला तेव्हां, "कोणत्या डिस्कवर स्थापना करूं?" असें विचारणाऱ्या पानावर डिस्कची यादीच रिकामी ! "काका, डिस्क मेलेली निघाली," तो म्हणाला. "वेष्टन फोडलें म्हणून दुकानदार परत घेत नाहीं. बाबांना अजून सांगितलें नाहीं."

मीं त्याला एवढेंच विचारलें, कीं यंत्र सुरू होतांना एक कळ दाबली म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या मांडणीचा जो पडदा उघडतो, त्यावर डिस्कचें नांव दिसतें का ? तो म्हणाला, "दिसतें." "मग ती जिवंत आहे," मी म्हणालों. "एकाला दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाहीं, असा हा प्रकार आहे. पहिल्यानें दुसऱ्याला काय सांगितलें नाहीं, तें शोधावयाचें."

हें पहिल्यानें दुसऱ्याला सांगणें, म्हणजेच यंत्राचा कारभार एका हातांतून दुसऱ्या हातांत सोंपविणें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. नव्यानें जोडलेल्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिम चढवितांना माणूस अडतो, तो बहुधा अशा सोंपवणुकीच्या जागींच अडतो. आणि त्या प्रत्येक जागेला स्वतःचा असा इतिहास आहे. अडलेला मनुष्य समजतो कीं आपण विकत आणलेली वस्तु वाईट निघाली. वस्तु चांगलीच असते. चाळीस किंवा पन्नास वर्षांपूर्वीं कोणीतरी घाईनें आंखलेली एखादी रेषा त्याच्या वाटेंत आडवी आलेली असते.

मुळांत कोडें असें आहे. गणकयंत्राच्या अंगीं एकच गुण : स्मृतींत लिहिलेला हुकूम वाचावयाचा आणि पाळावयाचा. पण वीज नुकतीच आलेली असतांना स्मृति कोरी असते. बाहेरून आज्ञावली आंत आणावयाची, तर ती आणण्याचा हुकूम आधीं आंत असावयास पाहिजे ! आपल्या जुन्या तत्त्वज्ञांनीं अशक्य गोष्टीचा दाखला म्हणून नटाच्या पोराचें उदाहरण दिलें आहे; तो कितीहि तरबेज असला तरी स्वतःच्या खांद्यावर स्वतः चढूं शकत नाहीं. इंग्रजींत हाच दाखला आपल्याच बुटांचे पट्टे धरून स्वतःला वर उचलूं पाहणाऱ्या माणसाचा देतात. संगणक 'बूट झाला' असें जें आपण रोज म्हणतों, त्यांतला बूट तो हाच. अशक्याच्या दाखल्यावरून रोजच्या व्यवहारांतील एका क्रियेचें नांव पडावें, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते.

हें कोडें पहिल्या प्रथम ज्यांच्यापुढें उभें राहिलें, त्यांनीं तें सरळ बोटांनीं सोडविलें. ता. २१ जून १९४८ रोजीं इंग्लंडांत मँचेस्टर विद्यापीठांत एक लहानसें यंत्र आपल्याच स्मृतींत सांठविलेली आज्ञावली पाळूं लागलें. जगांतील अशा प्रकारचें तें पहिलें यंत्र. फ्रेडरिक विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल हे त्याचे कर्ते. स्मृति किती ? तर बत्तीस शब्द, आणि प्रत्येक शब्द बत्तीस अंशांचा. हीहि स्मृति कांचेच्या नळीच्या पडद्यावर विजेच्या ठिपक्यांच्या रूपानें धरून ठेविलेली. सतरा हुकूम बटणें दाबून एकेक अंशानें आंत घातले गेले. २६२१४४ या संख्येचा, तिच्याहून लहान असा, सर्वांत मोठा भाजक शोधावयाचा होता. बावन्न मिनिटें यंत्र चाललें आणि १३१०७२ हें उत्तर आलें. हें उत्तर कोणताहि शाळकरी मुलगा तोंडीं देईल. पण उत्तरासाठीं तें यंत्र नव्हतेंच. विल्यम्सची नळी स्मृति म्हणून टिकते कीं नाहीं, एवढेंच त्यांना पाहावयाचें होतें. यंत्र हें स्मृतीच्या परीक्षेसाठीं बांधलेलें होतें. यशाच्या आधीं पडद्यावरचे ठिपके नुसते बेफाम नाचत, आणि त्या नाचावरून, चूक कोठें आहे याचा कांहींच माग त्यांना लागत नसे.

ही गोष्ट मी मुद्दाम विस्तारानें सांगितली. नव्या यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टिम चढविणें हीहि पुष्कळदां त्या यंत्राच्या स्मृतीची पहिलीच खरी परीक्षा असते. हजारों फायली उलगडून, तपासून, लिहावयाच्या असतात. कोठें एक अंश उलटला कीं स्थापना मोडते. येथें एक साधी खूण लक्षांत ठेवण्यासारखी आहे. यंत्र प्रत्येक वेळीं एकाच जागीं थांबत असेल, तर दोष बहुधा कोठल्या तरी कराराचा : कोणी कोणाला ओळखत नाहीं, किंवा परवानगी देत नाहीं. उलट एकदां बारा टक्क्यांवर, एकदां साठावर, एकदां अगदीं शेवटीं, असें मनास येईल तेथें थांबत असेल, तर स्मृतीच्या पट्ट्या नीट बसल्या आहेत का, त्यांचा वेग उगाच वाढवून तर ठेवला नाहीं ना, वीज पुरविणारी पेटी दमदार आहे का, हें आधीं पाहावें. एकच पट्टी ठेवून पुन्हां करून पाहावें, मग दुसरी. 'फॉरमॅट करून टाक' हा जो सर्व रोगांवरचा एकच काढा आपल्याकडे सांगतात, त्यानें ढिली पट्टी घट्ट बसत नाहीं.

बोटांनीं हुकूम घालण्याचा कंटाळा पुढल्याच वर्षीं केंब्रिजला दूर झाला. तेथें मॉरिस विल्क्स यांनीं बांधलेलें 'एड्सॅक' नांवाचें यंत्र ता. ६ मे १९४९ रोजीं चालूं लागलें. त्याची स्मृति पाऱ्यानें भरलेल्या नळ्यांची. ध्वनीच्या लहरी पाऱ्यांतून सारख्या फिरत्या ठेवावयाच्या आणि त्यांतच अंक सांठवावयाचे! पण आपल्या विषयाला महत्त्वाचें आहे तें वेगळेंच. डेव्हिड व्हीलर या तरुण विद्यार्थ्यानें एकतीस हुकुमांची एक छोटी आज्ञावली रचली. टेलिफोनच्या अदलाबदल केंद्रांत जे फिरते स्विच असतात, त्यांवर ती तारांनीं कायमची जोडून ठेविली. बटण दाबलें कीं हे एकतीस हुकूम आपोआप स्मृतींत उतरत, कागदी फितीवरील भोंकें वाचूं लागत, आणि अक्षरांनीं लिहिलेल्या आज्ञांचें यंत्राला कळणाऱ्या अंकांत रूपांतर करीत. त्यांना नांव पडलें 'पहिले हुकूम'. त्याच वर्षीं व्हीलरनें त्यांची सुधारलेली एक्केचाळीस हुकुमांची आवृत्ति केली. आज आपल्या मदरबोर्डावर जी लहानशी चिप बसविलेली असते आणि जिला आपण फर्मवेअर म्हणतों, तिचा मूळपुरुष हा. नटाचें पोर स्वतःच्या खांद्यावर चढलें नाहीं. त्याच्यासाठीं कोणीतरी एक लहानसा ओटा आधींच बांधून ठेवला.

याच यंत्रावर काम करीत असतांना एके दिवशीं विल्क्स यांना जिन्याच्या वळणावर असें उमगलें, कीं आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच मोठा भाग आतां आपल्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यांत जाणार. त्यांनीं आत्मचरित्रांत ही आठवण नमूद करून ठेविली आहे. शेजारचा मुलगा दारांत उभा होता तेव्हां त्याला ही गोष्ट सांगावी असें माझ्या मनांत आलें होतें. पण रात्रीं दहा वाजतां कोणाला इतिहास रुचत नाहीं.

आपल्या मुंबईलाहि हा सर्व प्रवास ठाऊक आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं १९५६ मध्यें एक प्रायोगिक गणकयंत्र चालूं लागलें, आणि १९६० मध्यें पूर्ण आकाराचें यंत्र उभें राहिलें. १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याला 'टिफ्रॅक' असें नांव दिलें. सुमारें २७०० निर्वात नळ्या आणि २०४८ शब्दांची चुंबकीय कड्यांची स्मृति असलेलें हें यंत्र आपल्याच लोकांनीं जोडलें. त्यावर चढवावयास तयार अशी ऑपरेटिंग सिस्टिम कोठेंच विकत मिळत नव्हती. यंत्र बांधणारे, त्याला पहिले हुकूम देणारे आणि बिघडल्यावर त्याच्यापुढें उभे राहणारे एकच. लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून घरीं यंत्र जोडणाऱ्या मुलांचे हे थोरले भाऊ म्हणावयास हरकत नाहीं.

ऑपरेटिंग सिस्टिम ही स्वतंत्र वस्तु म्हणून जन्माला आली ती अमेरिकेंत, आणि निव्वळ खर्चाच्या धाकानें. यंत्राचें भाडें भारी; एकाचें काम संपून दुसऱ्याचें सुरू होईपर्यंत माणसें फिती आणि पत्ते बदलीत बसत आणि यंत्र रिकामें राही. १९५६ मध्यें जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन कंपन्यांच्या लोकांनीं आय्‌बीएमच्या ७०४ या यंत्रासाठीं एक आज्ञावली लिहिली. तिनें एकामागून एक कामें आपोआप लावून द्यावयाचीं. यंत्राला कायमचा कारभारी मिळाला तो येथें. पुढें ता. ७ एप्रिल १९६४ रोजीं आय्‌बीएमनें ३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. लहानापासून मोठ्यापर्यंत सर्व यंत्रांचे हुकूम एक, पण प्रत्येक गिऱ्हाइकाची जोडणी निराळी. मग कारभाऱ्याला घराची ओळख कोणी करून द्यावयाची ? ती गिऱ्हाइकानेंच. 'सिस्टिम जनरेशन' नांवाचें एक किचकट कर्म होतें. आपल्याकडे कोणतीं उपकरणें आहेत, तीं कोणत्या पत्त्यावर जोडलेलीं आहेत, हें सर्व पत्त्यांवर छिद्रें पाडून सांगावयाचें, आणि त्यावरून त्या एका यंत्रापुरती सिस्टिम तयार करून घ्यावयाची. एक उपकरण सांगावयाचें राहिलें, तर तें खोलींत उभें असूनहि यंत्राच्या लेखीं नसे. यंत्र सुरू करतांना मात्र कारागिरानें तीन चकत्या फिरवून उपकरणाचा पत्ता लावावयाचा आणि 'लोड' बटण दाबावयाचें. मग यंत्र त्या उपकरणावरून फक्त चोवीस बाइट वाची, आणि त्या चोवीसांनीं पुढल्यांना बोलवावयाचें. आपण फर्मवेअरच्या पडद्यावर 'आधीं पेन ड्राइव्ह, मग डिस्क' असा जो क्रम लावतों, तें त्या तीन चकत्यांचेंच काम होय.

हें सर्व मोठ्या कचेऱ्यांतलें. घरीं बसून भाग जोडण्याची हौस १९७५ पासूनची. त्या वर्षीच्या जानेवारीच्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' हें यंत्र झळकलें. ना पडदा, ना कळफलक. समोर स्विचांच्या ओळी आणि बारीक दिवे. सुट्या भागांचा संच घ्यावयाचा, डाख लावून जोडावयाचा, आणि मँचेस्टरप्रमाणें पुन्हां बोटांनीं हुकूम घालावयाचे. पंचवीस वर्षांचा इतिहास घरगुती माणसानें पहिल्यापासून गिरवावयाचा होता. या यंत्रासाठीं बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन या दोन तरुणांनीं 'बेसिक' ही भाषा तयार केली. आणि गंमत अशी, कीं खरें यंत्र त्यांनीं तोंवर पाहिलेंहि नव्हतें. हार्वर्डच्या मोठ्या संगणकावर अल्टेअरचें सोंग उभें करून त्यावर त्यांनीं सर्व चाचण्या घेतल्या. फीत घेऊन अ‍ॅलन अल्बुकर्कीला विमानानें निघाला, आणि विमान उतरावयास आलें तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें, कीं फीत वाचणारी पहिली आज्ञावली आपण लिहिलीच नाहीं ! सोंगाला तिची गरज नव्हती, खऱ्याला होती. विमानांतच बसून त्यानें ते हुकूम अंकांत लिहून काढले. दुसऱ्या दिवशीं स्विचांवरून ते आंत घातले, फीत लावली, आणि यंत्रानें स्मृति किती म्हणून विचारलें. दोन आणि दोन चार हेंहि त्यानें बरोबर सांगितलें. सर्व सामान बरोबर घेऊन घराची किल्ली तेवढी विसरावी, तशांतला हा प्रकार. परंतु आज पेन ड्राइव्हवर स्थापनेची फाईल नुसती उतरवून घेणारे, आणि 'यंत्र ती घेत कां नाहीं' म्हणून हैराण होणारे लोक हीच चूक करीत असतात. फाईल ठेवणें निराळें आणि यंत्राला सुरुवात करतां येईल अशा रीतीनें पेन ड्राइव्ह तयार करणें निराळें.

त्याच सुमारास गॅरी किल्डॉल या गृहस्थानें एक फार शहाणपणाची वांटणी केली. 'सीपी-एम' या आपल्या सिस्टिमचा, यंत्रागणिक बदलणारा भाग त्यानें अलग काढला आणि त्याला 'बायोस' असें नांव दिलें. वरचा कारभारी सर्वत्र एकच. दारावरचा पहारेकरी ज्या त्या घराचा. ता. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय्‌बीएमनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारांत आणला, तेव्हां त्याचा बायोस चिपमध्यें कायमचा कोरलेला होता. कॉम्पॅक आणि नंतर फीनिक्स या कंपन्यांनीं तो न पाहतां, केवळ त्याचें वर्तन समजून घेऊन, तसेंच वागणारें बायोस नव्यानें लिहिलें; म्हणून कोणाचाहि मदरबोर्ड, कोणाचीहि डिस्क आणि कोणाचीहि सिस्टिम एकत्र नांदूं लागली. आज भाग विकत आणून यंत्र जोडतां येतें तें या दोघांच्या कृपेनें. आणि जोडल्यावर डोकें दुखतें तेंहि त्यांच्याचमुळें. कारण एकानेंच सर्व बनविलें असतें तर भांडणाला दुसरा उरलाच नसता.

त्या पहिल्या पीसीचा करार ऐका. वीज आली कीं बायोसनें आपले अवयव तपासावयाचे. ठीक असल्यास एक आंखूड शीळ घालावयाची. मग डिस्कचा पहिला सेक्टर, फक्त ५१२ बाइट, उचलून स्मृतींत एकतिसाव्या किलोबाइटाच्या शेवटीं ठेवावयाचा आणि कारभार त्याच्या हवालीं करावयाचा. तीच जागा कां ? तर बत्तीस किलोबाइट तरी स्मृति असेल असें धरून तिच्या टोकाचा कोपरा निवडला होता. मार्च १९८३ मध्यें दहा मेगाबाइटची डिस्क असलेला 'एक्सटी' निघाला, तेव्हां त्या ५१२ बाइटांतच डिस्कच्या विभागांचा तक्ता घालावा लागला. चार नोंदी, प्रत्येकीला सोळा बाइट. दोन बाइट शेवटच्या खुणेला. उरले ४४६, त्यांत काय ते हुकूम मावावयाचे. नोंदींत सेक्टर मोजावयास बत्तीस अंश दिले. दहा मेगाबाइटच्या काळांत बत्तीस अंश म्हणजे कुबेराचें भांडारच. पण गुणाकार कोणाला चुकला आहे ? ५१२ बाइटांच्या सेक्टरांनीं तो जातो सुमारें २.२ टेराबाइटपर्यंत, आणि २०१० च्या सुमारास तीन टेराबाइटच्या डिस्का बाजारांत आल्या. लोकांनीं पैसे तीनाचे मोजले आणि यंत्रानें जुन्या तक्त्यांत दोनाच्या थोडें पुढें जाऊन हात टेकले.

त्याच्याहि आधीं एक भिंत लागली होती. बायोस आणि डिस्क यांनीं आपआपल्या ठिकाणीं मोजमापाच्या ज्या मर्यादा घातल्या होत्या, त्या दोन्ही एकदम लागू पडल्या म्हणजे १०२४ नळकांडीं, १६ डोकीं आणि ६३ सेक्टर एवढेंच उरे. म्हणजे सुमारें ५२८ मेगाबाइट. दोघांपैकीं कोणाचीच मर्यादा एकटी एवढी तोकडी नव्हती. लिनक्स ही सिस्टिम १९९१ मध्यें आली आणि तिला सुरू करून देणारी 'लिलो' ही छोटी आज्ञावली या १०२४ च्या भिंतीवर नेहमीं आपटे. कारभाऱ्याची फाईल भिंतीपलीकडे पडली कीं बायोसचा हात पोंचत नसे. पण लिलोनें एक उपकार केला. ती आपल्याच नांवाचीं चार इंग्रजी अक्षरें एकेक करून पडद्यावर लिही. प्रत्येक अक्षर म्हणजे एकेक टप्पा पार पडल्याची पावती. नुसतें पहिलें अक्षर येऊन थांबलें तर पहिला तुकडा पोंचला आहे. दोन आलीं तर दुसरा तुकडा उचलला पण तो चालला नाहीं. चारहि आलीं तर सर्व ठीक. अडलेल्या यंत्राकडून एवढें नेमकें उत्तर मला पुढें क्वचितच मिळालें. पुढचीं यंत्रें बरींच वर्षें एक रडवा चेहरा काढून दाखवीत आणि 'कांहींतरी बिघडलें' असें म्हणत. याला सुधारणा म्हणावें असें मला वाटत नाहीं. त्या मानानें नव्या मदरबोर्डांवर पुष्कळदां जे चार बारीक दिवे असतात ते बरे : प्रोसेसर, स्मृति, चित्र, आणि सुरुवात. ज्याच्यापाशीं दिवा अडतो तेथपर्यंतचें काम झालें आहे असें समजावें.

जुन्या कराराच्या जागीं नवा आणण्याचें काम इंटेलनें १९९० नंतरच्या दशकांत आपल्या 'इटॅनियम' यंत्रांसाठीं हातीं घेतलें. २००५ पासून अनेक कंपन्यांच्या मंडळानें तो 'यूईएफआय' या नांवानें पुढें चालविला. यांत विभागांचा तक्ता नवा, चौसष्ट अंशांचा. आणि पहिल्या सेक्टरांतील ४४६ बाइटांवर भरंवसा न ठेवतां एका खास विभागांतील फाईलच उघडावयाची. व्यवस्था चांगली झाली. पण बरींच वर्षें मदरबोर्डांत जुनी आणि नवी या दोन्ही चाली एकाच वेळीं नांदत होत्या. पेन ड्राइव्ह एका चालीनें तयार केलेला, फर्मवेअर दुसऱ्या चालीनें उठलेलें, आणि डिस्कवर तक्ता तिसऱ्याच कोणाचा, असें झालें कीं 'या डिस्कवर स्थापना करतां येत नाहीं' असें उत्तर मिळे. उपाय पांच मिनिटांचा : तिघांना एका चालीवर आणावयाचें. फक्त तक्ता बदलतांना डिस्कवरील जुना मजकूर पुसला जातो, हें आधीं पाहावें. नव्या यंत्रांत जुनी डिस्क घालणारे पुष्कळजण येथें फसले आहेत. घरांतल्या लग्नाचे फोटो अशा रीतीनें गेलेले मीं डोळ्यांनीं पाहिले आहेत.

२०१२ मध्यें विंडोज ८ बरोबर आणखी एक नवा पहारा बसला : ज्याच्यावर मान्य शिक्का आहे त्यालाच आंत सोडावयाचें. ता. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं विंडोज ११ आली, तिनें 'टीपीएम' नांवाची शिक्के जपणारी पेटीहि मागितली. कित्येक मदरबोर्डांत ती होतीच, नुसती बंद करून ठेविलेली होती. आणि 'आपलें यंत्र अपात्र आहे' हा निरोप वाचून लोक नवें यंत्र घ्यावयास निघाले!

पण मला या सर्वांत जास्त बोलकी वाटते ती २०१५ नंतरची एक हकीकत. विंडोज ७ ही २००९ ची सिस्टिम; तिला यूएसबीची तिसरी पिढी ठाऊक नव्हती. इंटेलनें आपल्या नव्या चिपसंचांतून जुन्या यूएसबीचा नियंत्रक काढून टाकला. मग असें होऊं लागलें, कीं स्थापना पेन ड्राइव्हवरून व्यवस्थित सुरू होई, पहिला पडदाहि येई, आणि तेथेंच कळफलक आणि माउस दोन्ही मुके होत. क्षणापूर्वीं त्याच कळफलकानें मांडणी बदललेली, मग तो मरतो कसा ? मरत नसे. तोंवर कारभार फर्मवेअरच्या हातीं होता आणि फर्मवेअर त्याला ओळखत होतें. विंडोजनें कारभार आपल्या हातीं घेतला आणि तिच्या माणसांत त्याला ओळखणारा कोणीच नव्हता.

शेजारच्या मुलाचें दुखणें याच जातीचें होतें. गेल्या कांहीं वर्षांतील इंटेलच्या यंत्रांत डिस्क आणि प्रोसेसर यांच्यामध्यें एक मध्यस्थ ठेवतां येतो. मोठ्या सर्व्हर यंत्रांसाठीं काढलेली ही सोय घरगुती यंत्रांत येऊन बसली. त्याच्या मदरबोर्डावर ती मुळांतच चालू करून ठेविलेली होती. फर्मवेअर मध्यस्थाला ओळखत होतें म्हणून त्याला डिस्क दिसत होती. विंडोजच्या स्थापनेपाशीं मध्यस्थाची भाषा जाणणारा ड्रायव्हर नव्हता. हें ताडून पाहण्यासाठीं आम्हीं आधीं लिनक्सचा एक पेन ड्राइव्ह लावून यंत्र सुरू केलें. त्यांत डिस्क तत्काळ दिसली. मग मदरबोर्ड बनविणाऱ्यांच्या संकेतस्थळावरून तो ड्रायव्हर उतरवून घेतला, आणि स्थापनेच्या त्याच रिकाम्या पानावर 'लोड ड्रायव्हर' हें बटण होतें तें त्याला दाबावयास सांगितलें. तें बटण त्यानें संध्याकाळपासून दहा वेळां पाहिलें होतें.

पानावर एक ओळ उमटली. तो ती बराच वेळ वाचीत बसला. मग साडेअकरा वाजून गेले असतांहि घरीं जाऊन त्यानें बाबांना उठवून आणलें.